सदाने बूट आपण होऊन काढले नव्हते

सदा, सातारच्या ठेकेदाराने मला फसवलं आणि मी तुझ्या बायकोला फसवलं. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, आणि दुसरी फसवणूक करताना मला वाटत होतं की मी तुझ्यासाठी भांडतोय.

ठेकेदाराचं नाव इथे लिहीत नाही. साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, प्रकरण चालू आहे, नाव घातलंत तर छापणार नाही. अर्धा तास हुज्जत घातली, शेवटी 'सातारचा ठेकेदार' एवढ्यावर मिटलं. तुला ठाऊक आहे तो कोण. विश्रामबागेतल्या वसतिगृहाच्या कामावर आपण ज्याला शेठ म्हणायचो, तो.

तू गेल्याला चौथा महिना लागलाय. शोकसभेत बोलतात तसं मला बोलता येत नाही. तू किती चांगला होतास ते तुझ्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि किती हट्टी होतास ते मला माहीत आहे. मला आपलं राहिलेलं एक भांडण मिटवायचंय आणि एक गोष्ट कबूल करायचीय. जिवंतपणी तू मला धड बोलू दिलं नाहीस असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. बोलायचो मीच. तू तंबाखू मळत ऐकायचास आणि शेवटी एक वाक्य टाकून उठायचास. त्या एका वाक्याने माझा जळफळाट व्हायचा.

आपली ओळख दुष्काळी कामावरची. जतच्या बाजूला रस्त्यासाठी खडी फोडत होतो. तुमची मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती. माझ्या बापाच्या विहिरीत पोरं गोट्या खेळत होती. खडी मोजायच्या लाकडी खोक्याला तळ नव्हता, आणि मुकादम ते मुद्दाम खोलगट जागी ठेवायचा, म्हणून आपला ढीग रोज कमी भरायचा. तिसऱ्या दिवशी मी ते खोकं उचललं, सपाट कातळावर ठेवलं आणि म्हणालो, आता मोज. तो अंगावर धावून आला. तू हातोडा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास, एवढंच. त्याने मोजलं.

जेवताना म्हणालास, "बापू, तू मोठा व्हनार गड्या. पर तुझ्यासंगं कुनी जेवाय बसायचं न्हाई."

"तू बसलाईस की."

"मला दुसरीकडं सावली कुटं हाय?"

त्या खोक्यापासून मी घासाघीस शिकलो असं मी लोकांना सांगत आलो. तू शेजारी उभा नसतास तर मी त्या दिवशी मार खाऊन गावी गेलो असतो, हे मात्र कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

सांगलीत आलो तेव्हा दोघं घमेली उचलत होतो. पाच वर्षांत माझ्याकडे तीस माणसं झाली. स्लॅब भरायचा दर मी ठरवायचा, माणसं मी आणायची. सिमेंट, खडी, यंत्रं आणि वीज वरच्या ठेकेदाराची. तू माझ्याकडे व्हायब्रेटर चालवायचास. हे वाचणाऱ्याला माहीत नसेल तर सांगतो, ओल्या काँक्रीटमध्ये नळी खुपसून ते थरथरवून घट्ट बसवणारं यंत्र. तुझ्या हातचा स्लॅब खालून काढला की आरशासारखा निघायचा. दुसऱ्या ठेकेदारांनी तुला दोनदा फोडायचा प्रयत्न केला, हे मला तू मेल्यावर कळलं.

आणि ते भांडण. मी तुला भागीत घ्यायला निघालो होतो. त्यात माझा फायदा होता, तुझी रोजची मजुरी वाचली असती, हे आता लपवत नाही. पण तुला मोठेपणा द्यावा असंही मनात होतं, ते तू कधी मानलं नाहीस.

"नफा झाला तर वाटा. काम बुडालं तर?" तू विचारलंस.

"तर दोघांचं बुडालं."

"आनि मी वरनं पडलो तर?"

"पडशील कशाला लेका? दारू पितोस व्हय?"

"न्हाई बा. मला हजेरीवरच ऱ्हाऊ दे. रोज वहीत माझं नाव लिव्हतोस, तेवढं बास हाय."

मी तुला भित्रा म्हणालो. माणसांसमोर म्हणालो. महिनाभर आपण कामापुरतं बोललो. नंतर बोलणं सुरू झालं, पण तो शब्द मी मागे घेतला नाही. आज घेतो. का घेतो ते पुढे येईल.

आता तो दिवस. मला तो सरळ सांगायचाय, कारण पोलिसांसमोर मी तो खोटा सांगितला.

वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. शेठ सकाळी आठला जीप घेऊन साताऱ्याहून आला, पूजेचा नारळ त्याच्याच हातचा हवा म्हणून. कोठीतून त्या दिवशी पहिल्यांदाच सहा जोड रबरी बूट निघाले होते. आठवडाभर आधी कुणी तपासनीस येऊन गेला, त्याचा तो परिणाम. व्हायब्रेटर तुझ्या हातात, म्हणून एक जोड तुला मिळाला. तू वहीवर अंगठा उठवलास, बूट घालून पाच पावलं चाललास आणि म्हणालास, "बेडकावानी वाटतंय रं." सगळे हसले. शेठही हसला.

मग तो शिडीपाशी आला, खाली वाकून आपल्या तपकिरी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोठ्याने म्हणाला, "आज कुणी पायताण घालून वर चढायचं नाही रे. देवाचं काम आहे." तीस माणसांनी पायातलं काढलं. मीही काढलं. तू तुझे रबरी बूट काढून त्याच्या बुटांच्या शेजारी नीट जोडून ठेवलेस. मी पाहिलंय.

आपल्या माणसांची ही रीत मला कुणाला समजावून सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं, पण वकिलांना लागली. स्लॅबची पूजा पाच मिनिटांत आटोपते. हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, खोबऱ्याचा तुकडा. पण एकदा नारळ फुटला की शेवटचं घमेलं पडेपर्यंत आपण अनवाणीच राहतो. सिमेंट तळपायाच्या भेगा खातं, संध्याकाळी पाय धुताना डोळ्यांत पाणी येतं, तरी कुणी खाली जाऊन चपला घालून येत नाही. असं कुणी सांगितलेलं नाही. पूजा संपली, आता घाला, असंही कुणी सांगत नाही. शेठने नारळ फोडला, खाली उतरला, आपले बूट घातले आणि जीपमध्ये बसून दुसऱ्या कामावर गेला. तुझे बूट तिथेच राहिले. एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही की ओल्या लोखंडी जाळीवर उभा राहून विजेचं यंत्र चालवणाऱ्या माणसाने तरी ते घालावेत. माझ्याही नाही.

वायर दोन पदरांची होती. तिसरा पदर, जो यंत्राच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत घेऊन जातो, तो नव्हताच. मला ते दिसलं नव्हतं असं म्हणणार नाही. एवढे स्लॅब भरल्यावर एवढं दिसतं. वीज शेठची, वायरमन शेठचा, म्हणून बघितलं आणि पुढे गेलो.

दहाच्या सुमाराला तू हाक मारलीस, "बापू, मशीन चावतंय."

"किती?"

"मुंगीवानी."

वायरमन आला, पिन उपसून उलटी घातली. चावायचं थांबलं. त्याने तुला विचारलं, "आता कसं?" तू म्हणालास, "आता गुदगुल्या." पुन्हा सगळे हसले.

दोन वाजता तू मला जवळ बोलावलंस. हाक मारली नाहीस, हाताने बोलावलंस. "आता लय चावतंय. खांद्यापतुर येतंय. थांबवू का?"

स्लॅबचे दोन पट्टे भरायचे राहिले होते. मधेच थांबलं तर जुन्या आणि नव्या मालात सांधा पडतो, पावसाळ्यात तिथून गळतं, आणि गळलं की दोष मजूर ठेकेदाराचा. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. तुझ्या खांद्याचं काही आलं नाही.

"आता थांबून कसं चालंल? दोनच पट्टं ऱ्हायल्यात. हाताला गोणपाट गुंडाळ की."

तू माझ्याकडे बघितलंस. एरवी शेवटचं वाक्य तुझं असायचं. त्या दिवशी तू काही बोलला नाहीस. गोणपाट उचललंस आणि गुंडाळलंस. ते ओलं होतं.

त्यानंतर यंत्राचा आवाज तसाच चालू राहिला आणि तू हलायचा थांबलास. कुणीतरी ओरडलं, "मेन काढा!" मी बांबूवरून घसरत खाली आलो. मीटरच्या खोलीला कुलूप होतं. वायरमन जेवायला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. मी पहारीने कडी उचकटली. त्याला किती वेळ लागला हे पोलिसांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

शेठ तासाभरात परत आला. तुला खाली आणून सावलीत ठेवलं होतं. त्याने तुझ्याकडे एकदा पाहिलं, मग शिडीपाशी गेला, तुझे रबरी बूट उचलले आणि ते हातात घेऊन फौजदाराची वाट बघत उभा राहिला. मला तेव्हा वाटलं, दुःखाने माणसाला काही सुचत नाही. त्याला सगळं सुचत होतं.

मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बापू, आपला कागद आठवतोय ना? मजुरांना अपघात झाला तर जबाबदारी मजूर ठेकेदाराची. खाली तुझी सही आहे."

होती. ती ओळ मीच मान्य केली होती, तिच्या बदल्यात दर वाढवून घेतला होता, आणि शेठला कसं पिळलं म्हणून माणसांना पेढे वाटले होते. त्यातला एक तूही खाल्लास.

"प्रकरण कोर्टात गेलं तर मालक तू ठरशील, मी नाही. आत जाशील. आणि त्याच्या बायकोला काही मिळणारच नाही. बूट दिले होते, वहीत अंगठा आहे. त्याने आपण होऊन काढले. कायदा अशाला एक पैसा देत नाही. पण मी माणूस आहे. आपसात मिटवू."

फौजदाराने मला विचारलं, बूट कुणी काढायला सांगितले? मी म्हणालो, त्याने आपण होऊन काढले. एवढंच वाक्य. ते त्यांनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. तुझं अंग अजून गार झालं नव्हतं, सदा.

मग मी मिटवायला बसलो. शेठने एक आकडा सांगितला. मी उठून चालता झालो. त्याने परत बोलावलं. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, तुझ्या पोरीचं नाव काढलं, आणि तो आकडा दुप्पट करून घेतला. घरी जाताना माझी मान ताठ होती. मित्रासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या बायकोकडे, हौसाकडे, कागद घेऊन गेलो.

"ह्यात काय लिव्हलंय, भावजी?"

"मी वाचलंय, वैनी. तुमी अंगठा टेका."

तिने टेकला. तिने माझ्यावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा तू कधी ठेवला नाहीस, आणि ते बरं केलंस.

दोन महिन्यांनी दुसऱ्याच एका भांडणासाठी सांगलीतल्या एका वकिलांकडे गेलो होतो. बोलता बोलता तुझी हकीकत निघाली. निघाली कसली, मीच काढली, आकडा दुप्पट कसा केला ते ऐकवायला. वकिलांनी लिहिता लिहिता पेन ठेवला.

"तो माणूस मेला ना?"

"व्हय."

"मग बुटांचा प्रश्न येतोच कुठे? सुरक्षेचं साधन दिलं होतं आणि कामगाराने ते मुद्दाम काढून टाकलं, ही सबब जखमी माणसाच्या बाबतीत सांगता येते. माणूस मेला की ती चालत नाही. कायद्यातच तसं आहे."

"आनि माझी सही हाय तो कागद?"

"तो तुमच्या दोघांतला. तिच्यावर त्याचं बंधन नाही. बांधकाम हा त्याचा धंदा, जागा त्याच्या ताब्यातली. ती सरळ त्याच्याकडे भरपाई मागू शकते. पुढे तो तुमच्याकडून वसूल करायला बघेल, ते वेगळं."

"आनि तिचा अंगठा?"

"मृत्यूची भरपाई अशी हातात द्यायचीच नसते. ती कामगार भरपाई आयुक्तांकडे भरायची, ते वारसांना देतात. तुमचा कागद भरपाईची पावती म्हणून उभा राहत नाही."

मी विचारलं, मग किती मिळायला पाहिजे होतं? त्यांनी तुझी मजुरी विचारली, एक पुस्तक उघडलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. त्यापुढे माझा दुप्पट केलेला आकडा काहीच नव्हता. वकील म्हणाले, "हा तक्ता आहे. तो ठरलेला आहे. तुम्ही घासाघीस कशाची करत होतात? भाजी मंडई आहे का ही?"

मला आयुष्यात खूप शिव्या बसल्या आहेत. पण एवढी कुठली लागली नाही.

मग त्यांनी विचारलं, "हजेरीवर होता की भागीत?"

"हजेरीवर. रोजचं नाव हाय वहीत."

"मग बरं झालं. भागीत असता तर तो कामगारच होता हे दाखवताना आपला घाम निघाला असता."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि सायकल हातात धरून रस्त्यात उभा राहिलो. तुझ्या लेकराबाळांना आज जो काही आधार मिळण्याची शक्यता आहे, ती तू माझं ऐकलं नाहीस म्हणून आहे. मी तुला मोठेपणा देत होतो, आणि त्या मोठेपणात तुझं कायद्यातलं स्थान पुसून गेलं असतं. तू अंगठा उठवणारा माणूस. तुला हे कुठून कळलं? की कळलं नव्हतं, नुसतं माझ्या बोलण्यात कुठेतरी खोट आहे एवढं जाणवलं? विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही, भित्रा म्हणून मोकळा झालो. आता त्या भित्रेपणाबद्दल तुझे उपकार मानावेत, तर तू नाहीस.

हौसा इस्लामपूरच्या पलीकडे भावाच्या वस्तीवर राहते. मी एसटीने गेलो. ती उसात पाचट काढत होती. बांधावर बसून सगळं सांगितलं. शेठने कसं फसवलं, वकील काय म्हणाले, अर्ज कसा करायचा, अजून मुदत आहे. मला वाटलं ती पहिल्यांदा पैशांचं विचारील.

ती म्हणाली, "म्हंजी बूट काढलं म्हणून न्हाई गेलं हे?"

"न्हाई वैनी. तारंनं गेला. बूट शेठनं काढाय लावलं, सगळ्यांस्नी. मी हुतो तितं."

"आनि तुमी मला सांगितलासा, त्यांनी आपून काढलं."

"व्हय."

"मी रोज त्यास्नी शिव्या दिल्यात, भावजी. भाकरी थापताना. पोरीला बी सांगितलं, तुझ्या बापानं दिल्याली बुटं घातली न्हाईत म्हणून आपल्यावर ही पाळी आली. आता पोरीला काय सांगू?"

 मी म्हणालो, मी सांगतो पोरीला. ती उठली, विळा उचलला.

"मला नगा सांगू, आनि तिला बी नगा. साहेबाम्होरं सांगा. जितं खोटं सांगितलासा तितं खरं सांगा."

आयुक्तांकडे अर्ज दिला आहे. अर्जदार हौसा. पहिला सामनेवाला शेठ, दुसरा मी. वकील म्हणाले, तुमचं नाव घालावंच लागेल. मी म्हणालो, घाला. ते म्हणाले, पोलिसांपुढचा तुमचा जबाब उलटा आहे, तुम्हाला खोटारडा ठरवतील. मी म्हणालो, ठरवू द्या, मी खोटारडा होतोच.

नोटीस गेल्यावर शेठचा निरोप आला, साताऱ्याला येऊन भेट. गेलो. दारावर तो जुना पेन्शनीत निघालेला सुभेदार बसतो ना, त्याने माझा चेहरा बघून विचारलं, "काय बापू, आज फायरिंग दिसतंय?"

"सुभेदारसाब, तुमी फकस्त दार उगडा."

शेठने चहा मागवला. माझ्या घरची चौकशी केली. मग औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या शेडचा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाला, सगळी मजुरी तुझी. दोन वर्षांचं काम. माझी तीस माणसं तीन महिने अर्धी बसून आहेत, हे त्याला माहीत होतं. खोटं का बोलू, मी नकाशा बघितला. किती स्लॅब, किती माणसं, हिशेब आपोआप डोक्यात चालू झाला. माझं डोकं तसलंच आहे, तुला माहीत आहे.

"करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. पोलिसांना जे सांगितलंस तेच सांगायचं. आता वेगळं बोललास तर माझ्याआधी तू बुडशील. भरपाई मला भरावी लागली तर मी ती तुझ्याकडून काढून घेणार. तुझ्या सेंट्रिंगच्या प्लेटा, बांबू, घर, सगळं विकायला लागेल."

"शेठ, त्या दिवशी तुमी तुमचं तपकिरी बूट सौता काढलं हुतं."

"पूजेला सगळेच काढतात. त्यात काय?"

"सगळं काढत्यात. तुमी सांगितलं म्हणून काढलं. आता बोललासा तेवढंच साहेबाम्होरं बोला."

आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने आवाज चढवला, तुझ्यासारखे छप्पन्न मजूर ठेकेदार माझ्या दारात उभे असतात म्हणाला. माझा तोल गेला. मी चहाचा कप उचलून त्या नकाशावर पालथा केला. सुभेदार आत आला. त्याने मला हाताला धरून बाहेर नेलं आणि दारात पुटपुटला, "गाडी हाय पाच वाजता. जावा आता." मी जे केलं त्याने तुझ्या प्रकरणाला काडीचा उपयोग नाही. उलट त्याचा वकील हे माझ्याविरुद्ध काढील. पण तू असतास तर हसला असतास, आणि एसटीत बसल्यावर म्हणाला असतास की चहा तरी प्यायचा हुतास.

सदा, तुझ्यावाचून कामावर मला कुणी चूक म्हणत नाही. माणसं भितात. मी काहीही सांगितलं की मुंडी हलवतात. परवा एका कामावर वायर बघितली, दोन पदरांची. मी काम थांबवलं. मालक म्हणाला, एवढ्याशाला? माणसं तोंडाकडे बघत राहिली, आज याला काय झालं म्हणून. दुपारपर्यंत तिसरा पदर घालून घेतला, जमिनीत नळी ठोकून घेतली, मीटरपाशी एक माणूस किल्लीसकट बसवला. एवढंच करायचं होतं. अर्धा दिवस लागतो. ते करून घ्यायला मला कुणाशी फार भांडावंही लागलं नाही.

सोमवारी तारीख आहे. मी काय सांगणार ते इथे छापून ठेवतो, म्हणजे मला मागे सरता येणार नाही. तू दोनदा सांगितलंस की यंत्र चावतंय. वायर दोन पदरांची होती आणि ती मी बघितली होती. दुसऱ्या वेळी तू थांबवू का विचारलंस आणि मी नको म्हणालो. बूट तू आपण होऊन काढले नव्हतेस. तसं मी पोलिसांना सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं सांगून मी तुझ्या बायकोचा अंगठा घेतला. याची जी शिक्षा असेल ती मला द्यावी. प्लेटा आणि बांबू विकायला लागले तर विकीन.

माझं उत्तर हे एवढं. आता शेठने द्यावं. वकील पाठवून नाही, आजारपणाचा दाखला पाठवून नाही. त्याने स्वतः साताऱ्याहून यावं, आयुक्तांसमोर उभं राहावं, आणि सदाशिव कुणाच्या कामावर, कुणाच्या विजेने, कुणाच्या शब्दावर अनवाणी उभा राहून मेला, ते हौसाच्या तोंडाकडे बघून सांगावं.